वृद्ध कोळ्याची साक्ष

समुद्रकाठच्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे देवळाचा पाया केव्हा घातला गेला, घंटा कोणत्या साली चढली, कोणते धर्मगुरू किती वर्षे राहिले, ह्या गोष्टी जुन्या वह्यांतून सापडतात. परंतु ज्या हातांनी मासळीच्या पैशांतून त्या देवळाचा दगड व चुना आणला, त्या हातांना वल्ह्याचे किती घट्टे पडले होते, हे वहीत लिहिलेले नसते. नाखवा म्हातारा झाला म्हणजे ओट्यावर बसून जाळी विणू लागतो. आणि एके दिवशी त्याच्यासाठी देवळाची घंटा वाजते. त्याच्याबरोबर त्याने पाहिलेला समुद्रही जातो.

जुबिलीच्या ह्या पुस्तिकेत आम्ही वाचकांपुढे एका दूरदेशच्या वृद्ध कोळ्याचा वृत्तांत ठेवीत आहोत. तो क्यूबा बेटातला, म्हणजे आपल्यापासून जवळजवळ अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडचा. तथापि त्याची होडी, त्याची दोरी, त्याचे रिकामे दिवस आणि त्याची प्रार्थना ही आमच्या कोळीवाड्यास परकी वाटणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

ह्या कोळ्याची कीर्ती जगभर झाली ती अर्नेस्ट हेमिंग्वे ह्या अमेरिकन ग्रंथकाराच्या एका लहानशा कादंबरीमुळे. ती त्याने १९५१ सालच्या आरंभी हवाना शहराजवळील आपल्या घरी लिहिली. १९५२ च्या सप्टेंबरात 'लाइफ' ह्या अमेरिकन साप्ताहिकाच्या एकाच अंकात ती सबंध छापली गेली, आणि त्या अंकाच्या सुमारे ५० लाख प्रती दोन दिवसांत खपल्या. १९५३ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. १९५४ साली ग्रंथकारास नोबेल पारितोषिक मिळाले. मराठीत ती पु. ल. देशपांडे ह्यांनी १९६५ साली 'एका कोळियाने' ह्या नावाने आणली, आणि आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती वाचलीही असेल.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. सांतियागो नावाच्या वृद्ध कोळ्यास ८४ दिवस एकही मासा लाभत नाही. पहिले ४० दिवस एक पोरगा त्याच्याबरोबर होडीत असे. पुढे आईबापांनी त्या पोरास दुसऱ्या, सुदैवी होडीवर धाडले. ८५ व्या दिवशी म्हातारा एकटाच दूर समुद्रात जातो. त्याच्या गळास प्रचंड मार्लिन लागतो. मार्लिन म्हणजे ज्याचे तोंड पुढे भाल्यासारखे निघालेले असते असा मोठा मासा. हा तर होडीहूनही २ फूट लांब, १८ फुटांचा. तो दोन दिवस व दोन रात्री होडी ओढीत नेतो. तिसऱ्या दिवशी म्हातारा त्यास मारून होडीच्या कडेस बांधतो. परंतु परतीच्या वाटेवर शार्क लचके तोडीत जातात, आणि किनाऱ्यास लागतो तो केवळ सांगाडा.

ही झाली कादंबरी. इतिहास लिहिणाऱ्याचा प्रश्न निराळा असतो: असा कोळी खरोखर होऊन गेला काय?

प्रथम स्थळ पाहू. हवानाच्या पूर्वेस काही मैलांवर कोहीमार नावाचे कोळ्यांचे लहान गाव आहे. त्याच्या खाडीच्या तोंडाशी स्पॅनिश राजवटीने सतराव्या शतकात बांधलेला दगडी बुरूज आहे. १७६२ साली इंग्रजांनी हवाना घेतले तेव्हा त्यांच्या फौजा ह्याच बाजूस उतरल्या होत्या. क्यूबाच्या ह्या उत्तर किनाऱ्याची रचना आपल्या किनाऱ्याहून अगदी वेगळी आहे. आपल्याकडे समुद्राचा तळ हळूहळू खोल होत जातो. गाळ, रेती आणि भरती-ओहोटी ह्यांच्या हिशेबाने डोल रोवता येते. तिकडे किनारा सोडून थोडे पुढे गेले की तळ एकाएकी तुटतो आणि खाली अथांग निळे पाणी लागते. त्या पाण्यातून मेक्सिकोच्या आखातातून निघालेला उष्ण प्रवाह पूर्वेकडे वाहत असतो. त्यास इंग्रज 'गल्फ स्ट्रीम' म्हणतात. मार्लिन ह्याच प्रवाहात येतात.

तेथे जाळे रोवण्यास जागा नाही. म्हणून तेथील गरीब कोळी पहाटे वल्ही मारीत प्रवाहात जात आणि हातातल्या दोऱ्यांना आमिष लावून निरनिराळ्या खोलीवर सोडीत. कादंबरीतील म्हाताऱ्याच्या दोऱ्या ४०, ७५, १०० व १२५ वाव खोल सोडलेल्या आहेत. दोरी हातात, होडी प्रवाहावर, आणि तोंडाशी व्यापारी वारा: असे हे काम. मोठा मासा लागला म्हणजे दोरी होडीस घट्ट बांधून चालत नाही, कारण एका हिसक्यात ती तुटते. ती पाठीवरून घेऊन आपल्या अंगाचाच टेका द्यावा लागतो. मासा ओढू लागला की दोरी सोडायची, तो थबकला की आत घ्यायची. तरुणाचा जोर येथे फार काळ पुरत नाही. कोणत्या क्षणी सोडावे व कोणत्या क्षणी धरावे हे बोटांना कळावे लागते, आणि ते कळण्यास आयुष्य लागते.

आता माणूस पाहू. कादंबरी प्रसिद्ध होण्यापूर्वी १६ वर्षे, म्हणजे १९३६ च्या एप्रिलमध्ये, हेमिंग्वेने 'एस्क्वायर' ह्या मासिकात गल्फ स्ट्रीममधील मासेमारीवर एक लेख लिहिला होता. त्यात ओघाने एका वृद्ध कोळ्याची हकीगत येते. हा म्हातारा हवानाच्या पश्चिमेकडील काबान्यास गावाहून लहान होडीत एकटाच गेला असता त्याच्या गळास प्रचंड मार्लिन लागला. माशाने होडी दूर समुद्रात ओढीत नेली. एक दिवस, एक रात्र, पुन्हा एक दिवस आणि पुन्हा एक रात्र तो मासा खोल पाण्यात पोहत राहिला आणि म्हातारा दोरी धरून राहिला. मासा वर आला तेव्हा म्हाताऱ्याने होडी त्याच्यावर नेऊन भाला मारला व त्यास कडेला बांधले. मग शार्क आले. म्हातारा वल्ह्याने झोडपीत, भोसकीत, हात थकून गळेपर्यंत एकटाच लढला. शार्कांना खाववेल तितके त्यांनी खाल्ले. दोन दिवसांनी इतर कोळ्यांना तो पूर्वेस ६० मैलांवर सापडला. माशाचे डोके आणि पुढला भाग तेवढा बांधलेला होता, शार्क अजून होडीभोवती फिरत होते, आणि म्हातारा आपल्या नुकसानीने अर्धवेडा होऊन होडीत बसून रडत होता.

ही हकीगत हेमिंग्वेने प्रत्यक्ष पाहिलेली नव्हे. ती त्यास त्याच्या 'पिलार' ह्या बोटीवरील पहिला नाखवा कार्लोस गुतिएरेस ह्याने सांगितली. तेव्हा ती थोडी पारखून घेतली पाहिजे. दिशेचा भाग पटण्यासारखा आहे. प्रवाह पूर्वेकडे वाहतो, म्हणून पश्चिमेकडच्या गावातून निघालेली होडी दोन दिवसांनी पूर्वेस सापडावी हे योग्यच होय. वजनाचे मात्र तसे नाही. लेखात म्हटले आहे की उरलेला भाग निम्म्याहून कमी होता आणि तोच ८०० पौंड भरला. म्हणजे सबंध मासा १६०० पौंडांहून अधिक ठरतो. अटलांटिक महासागरातील निळ्या मार्लिनचा गळाने धरल्याचा अधिकृत उच्चांक १४०२ पौंडांचा आहे, व तो ब्राझीलच्या किनाऱ्यावर १९९२ साली नोंदला गेला. कोळ्याच्या तोंडी मासा थोडा वाढतोच, हे आमच्या वाचकांस सांगणे नलगे. परंतु मासा वाढला म्हणून म्हाताऱ्याचे रडणे खोटे ठरत नाही. बढाई मारणारा मनुष्य आपल्या गोष्टीचा शेवट रडण्याने करीत नसतो.

पुढे कादंबरी गाजल्यावर, तो म्हातारा कोण, ह्याचा शोध सुरू झाला. पुष्कळांनी ग्रेगोरिओ फुएंतेस ह्यांच्याकडे बोट दाखविले. हे गृहस्थ १८९७ साली कॅनरी बेटांपैकी लान्सारोते येथे जन्मले, बालपणीच क्यूबात आले, १९३८ च्या सुमारास 'पिलार'चे नाखवा झाले आणि कोहीमार येथेच २००२ च्या जानेवारीत वयाच्या १०४ व्या वर्षी वारले. त्यांच्या उत्तरवयात दूरदूरचे प्रवासी त्यांना पाहावयास येत. त्यांच्या स्वभावाची छटा कादंबरीत उतरली असेल. कादंबरीतील म्हाताऱ्याच्या स्वप्नांतही कॅनरी बेटे येतात. तथापि १९३६ च्या लेखातील वृद्ध ते नव्हेत, कारण त्या वर्षी फुएंतेस चाळिशीलाही पोहोचले नव्हते. तो खरा म्हातारा, जो होडीत बसून रडला, त्याचे नाव त्या लेखात नाही. ज्याने नाव ऐकले असेल त्याने ते लिहिले नाही, आणि जगातील सर्वांत प्रसिद्ध कोळी निनावीच राहिला.

येथे खऱ्या वृत्तांतात आणि कादंबरीत पडलेला फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. खरा म्हातारा एकटा होता. कादंबरीत ग्रंथकाराने त्याच्याभोवती माणसे ठेवली: आमिष व कॉफी आणून देणारा पोरगा, उसने जेवण पाठविणारा दुकानदार, म्हातारा हरवला म्हणून समुद्रात शोध घेणारे लोक. त्याच्या झोपडीच्या भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे एक चित्र आहे आणि एल कोब्रेच्या देवमातेचे दुसरे. ही दोन्ही त्याच्या मृत पत्नीची आठवण. म्हातारा स्वतःस फार धार्मिक समजत नाही. तरी मासा हाती यावा म्हणून तो 'आमच्या बापा' दहा वेळा व 'नमो मरिये' दहा वेळा म्हणण्याचे कबूल करतो आणि मासा मिळाल्यास एल कोब्रेच्या यात्रेचा नवस बोलतो. शेवटी तो डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढतो व वाटेत पडतो, त्यात कित्येकांनी आपल्या प्रभूच्या क्रूसमार्गाची छाया पाहिली. ग्रंथकाराने मात्र १९५२ सालच्या एका पत्रात आपण कोणतीही प्रतीके योजलेली नाहीत, असे कळविले होते. आम्ही त्या वादात शिरत नाही. थकलेल्या माणसाच्या खांद्यावर लाकूड असले म्हणजे ख्रिस्ती मनुष्यास काय आठवते, ते कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु एल कोब्रेची देवमाता म्हणजे कोण, हे सांगितल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. कारण तीही समुद्रातच सापडलेली आहे.

क्यूबाच्या पूर्व भागात सांतियागो शहराजवळ तांब्याच्या खाणी होत्या. 'कोब्रे' ह्या स्पॅनिश शब्दाचा अर्थच तांबे. खाणीतील मजुरांच्या मांसास मीठ लागे, आणि ते आणण्यासाठी माणसे उत्तर किनाऱ्यावरील निपे उपसागराकडे जात. परंपरेप्रमाणे १६१२ साली अशीच तीन माणसे गेली. रोद्रिगो व हुआन दे ओयोस हे दोघे बंधू तेथील मूळच्या इंडियन जातीचे, आणि तिसरा हुआन मोरेनो हा सुमारे १० वर्षांचा आफ्रिकन वंशाचा गुलाम मुलगा. पाण्यावर काही पांढरेसे तरंगताना त्यांना दिसले. प्रथम तो पक्षी वाटला. जवळ जाऊन पाहतात तो बाळ येशूस हाती घेतलेल्या देवमातेची लहानशी मूर्ती एका फळीवर उभी, आणि तिचे वस्त्र कोरडे. फळीवर लिहिले होते की ही दयेची कुमारी मरीया होय.

आज क्यूबात घरोघरी जे चित्र लाविलेले असते त्यात भयंकर वादळ दाखवितात. होडी लाटांवर उलटू पाहते, आणि मधला मुलगा हात जोडून वर पाहतो. मूळ साक्षीत मात्र असे आहे की ते तिघे हवा बिघडल्यामुळे एका लहान बेटावर थांबले होते, आणि समुद्र निवळल्यावर पहाटेस, सूर्य उगवण्यापूर्वी, निघाले. अर्थात मूर्ती सापडली ती शांत पाण्यात. चित्रकारास वादळ हवे असते. जाणता कोळी हवा निवळण्याची वाट पाहतो. धीर म्हणजे केवळ लाटेशी झुंजणे नव्हे, थांबणे हाही धीराचाच भाग होय, हे त्या साक्षीतील एका ओळीवरून कळते.

ही साक्ष आपणांस मिळाली कशी? हुआन मोरेनो मोठा झाला, खाणीच्या गावातील गुलामांचा नायक झाला. १६७७ साली त्या लोकांना तेथून हलविण्याचा बेत सरकारने केला, तेव्हा त्याने आपल्या लोकांतर्फे राजाकडे अर्ज केला. पुढे १६८७ साली, तो ८५ वर्षांचा झाला असता, धर्मसभेच्या अधिकाऱ्यांनी त्यास समोर बसविले आणि लहानपणी समुद्रात काय पाहिले ते शपथेवर विचारून लिहून घेतले. तो कागद स्पेनमधील सेव्हिल येथील दफ्तरखान्यात आजही आहे. ज्याच्या देहावर दुसऱ्याची मालकी होती त्या म्हाताऱ्याचे शब्द, एका कारकुनाच्या लेखणीमुळे, तीन शतकांहून अधिक काळ टिकले. त्या गावाच्या गुलामांना १८०० सालच्या राजाज्ञेने स्वातंत्र्य मिळाले. ते पाहावयास मोरेनो नव्हता, परंतु आपण येथेच राहणार हे म्हणणाऱ्यांत तो पहिल्यांपैकी होता.

पुढील इतिहास थोडक्यात असा. क्यूबाच्या स्वातंत्र्ययुद्धातील जुन्या सैनिकांनी १९१५ साली पोप महाराजांकडे विनंती केली, आणि १९१६ च्या मे महिन्यात पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनी ह्या देवमातेस क्यूबाची आश्रयदात्री म्हणून घोषित केले. सांप्रतचे मंदिर १९२७ सालचे आहे. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी त्या मूर्तीस मुकुट अर्पण केला. आणि ज्या ग्रंथकाराच्या म्हाताऱ्याने तिच्या यात्रेचा नवस केला होता, त्याने आपले नोबेल पदक तिच्याच चरणी पाठविले. कादंबरीतील कोळ्यास मासा मिळूनही गेला, आणि नवस कथेत तसाच राहिला. तो जणू लेखकाने फेडला. १९८६ साली ते पदक चोरीस गेले, परंतु लवकरच परत सापडले.

कोहीमारच्या कोळ्यांनीही आपल्या परीने एक ऋण फेडले. १९६१ च्या जुलैमध्ये हेमिंग्वे वारला. त्याचा पुतळा उभारावा असे गावाने ठरविले, परंतु धातू विकत घेण्यास पैसा नव्हता. तेव्हा कोळ्यांनी आपापल्या होड्यांचे पंखे, नांगर व पितळी सामान आणून दिले. ते वितळवून १९६२ साली त्याचा अर्धपुतळा बुरुजाजवळ उभा राहिला. ज्याच्या होडीचे सामान गेले त्यास दुसऱ्या दिवशी काम कसे करावे लागले असेल, हे कोळ्यावाचून दुसऱ्यास कळणार नाही.

हे सर्व वाचीत असता वांद्र्याच्या मोत माउलीचे स्मरण आमच्या वाचकांस सहज झाले असेल. तेथील एक मूर्ती समुद्रात गेली होती, एका कोळ्यास तिचे स्वप्न पडले आणि ती त्यास समुद्रातच सापडली, अशी अठराव्या शतकापासूनची परंपरा आपल्याकडे आहे. एल कोब्रेचा सण ८ सप्टेंबरचा, आणि मोत माउलीचाही सण त्याच दिवसाशी, देवमातेच्या जन्मोत्सवाशी, जोडलेला. दोन समुद्रांवरचे कोळी एकमेकांस न ओळखता एकाच दिवशी एकाच मातेपुढे मेणबत्त्या लावतात. मात्र एक भेद आहे. तिकडील मुलाचे नाव हुआन मोरेनो हे आपणांस ठाऊक आहे. इकडील कोळ्याचे नाव परंपरेने राखलेले नाही.

आता सर्व हकीगतीचा विचार करू. लोक म्हणतात, म्हातारा एकटाच समुद्राशी झुंजला, ह्यातच त्याची थोरवी. आम्हांस तसे वाटत नाही. १९३६ च्या वृत्तांतातील म्हातारा एकटा झुंजला, परंतु एकट्याने वाचला नाही. दुसऱ्या कोळ्यांनी आपली दिवसाची मासेमारी सोडून त्याच्याकडे होडी वळविली म्हणून तो वाचला. कादंबरीतील म्हाताऱ्याने ८४ दिवस रिकाम्या हाताने काढले, तेही कोणी जेवण पाठविले म्हणून. आमच्या कोळीवाड्यातही वादळानंतर होडी परतली नाही तर शेजारच्या होड्या विचारल्यावाचून निघतात, आणि ज्याच्या होडीस मासळी लागली नाही त्याच्या घरी संध्याकाळी वाटा जातो. ज्यास आपण एका माणसाचा धीर म्हणतो, त्याच्या खाली पुष्कळांची दोरी असते.

दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. म्हातारा हरला काय? माशाच्या हिशेबाने हरला; बाजारात सांगाड्यास भाव नाही. त्याचे दुःख खोटे म्हणून उडवून देण्याचा अधिकार आम्हांस नाही. ज्याच्या घरी त्या माशावर वर्षाचे कर्ज फिटावयाचे होते, त्यास 'तू मनाने जिंकलास' असे सांगणे हे सुखवस्तू माणसाचे बोलणे होय. परंतु एक हिशेब बाजाराबाहेरही असतो. गालिलीच्या सरोवरावर पेत्र व त्याचे सोबती सबंध रात्र कष्टले आणि त्यांस काही लाभले नाही, हे शुभवर्तमानात लिहून ठेवले आहे. विपुल मासळीची सकाळ सांगताना सुवार्तिकाने ती रिकामी रात्र गाळली नाही. रिकाम्या रात्रीही लिहून ठेवण्याजोग्या असतात.

म्हणून ह्या जुबिलीच्या वर्षी आमची एक विनंती आहे. ज्या घरी वृद्ध नाखवा अथवा खलाशी आहे, त्या घरच्या शिकलेल्या मुलामुलींनी एक वही घ्यावी आणि त्याच्याजवळ बसावे. कोणत्या साली कोणते वादळ झाले, वारा कोठून होता, होडीत कोण कोण होते, कोण परतले नाही, शोधावयास कोणाची होडी आली, हे विचारावे आणि त्याच्याच शब्दांत लिहावे. मासा थोडा मोठा सांगितला तर तसाच लिहावा. पुढे पारखणारे पारखतील. घरातील आजीसही विचारावे, कारण होडी परत येईपर्यंतची रात्र तिने किनाऱ्यावर काढलेली असते, आणि ती हकीगत होडीतल्या माणसास ठाऊक नसते. वहीच्या पहिल्या पानावर सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, त्याच्या आईबापांचे नाव व तारीख घालावी.

काबान्यासच्या म्हाताऱ्याजवळ असा लिहिणारा कोणी बसला नाही. हुआन मोरेनोजवळ बसला. आमच्या वृद्धांजवळ कोण बसतो, हे ठरविण्यास आता फार दिवस उरलेले नाहीत.